जुन्या-नव्या हवामान केंद्रांच्या नोंदी एकत्र करताना: आधी पावसाचा रकाना बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पलूस तालुक्यात द्राक्षबाग आहे. घराच्या स्लॅबवर वडिलांनी २०१७ साली हवामान केंद्र बसवलं. पहिली चार वर्षं जुन्या वीवेक्सच्या (केंद्राच्या नोंदी साठवणारं फुकट सॉफ्टवेअर) डेटाबेस फाइलमध्ये आहेत. मग ते ज्या रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर चालायचं त्याचं कार्ड गेलं आणि तिथून पुढे केंद्राच्या कन्सोलमधून, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या यंत्रातून, काढलेल्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या ओळींच्या) फाइली. आता बागेत नवं केंद्र, नवा पाय, नवं वीवेक्स. जुन्या फाइलीतल्या ओळी नव्यात ओतायला गेलात, तर कॉलमची संख्या जुळत नाही म्हणून एरर आली. सगळं एका फाइलीत कसं आणायचं, नवख्याला कळेल असं सांगा, असं तुम्ही म्हणताय.

एरर आली हे तुमचं नशीब समजा. ती आली नसती तर ओळी गेल्या असत्या, आलेख उमटला असता आणि चूक फळछाटणीनंतर कधीतरी लक्षात आली असती.

दोन फाइली जोडणं ही एका कमांडची गोष्ट आहे, तिच्यापाशी मी शेवटी येईन. खरं काम वेगळंच आहे. दोन भावांनी उसाचा हिशोब लिहिलाय, एकाने टनात आणि दुसऱ्याने खेपांत. एकाने तोडीची तारीख टाकलीय, दुसऱ्याने कारखान्याच्या पावतीची. दोन्ही वह्या एकत्र शिवता येतील, पण खाली बेरीज मारता येईल का? तुमच्या तिन्ही नोंदींचं तसंच आहे. आकडा दिसायला सारखा असतो, त्याचा अर्थ सारखा असेलच असं नाही. मिरज-तासगाव भागात बागायतदारांची केंद्रं बसवायचं आणि दुरुस्तीचं काम मी बरीच वर्षं करतोय. जोडणीत बिघडलेली जी जी फाइल माझ्याकडे आली, तिच्यात कमांड बरोबर होती आणि घोळ अर्थाचा होता.

सगळ्यात आधी नक्कल. वीवेक्स बंद करा, मगच फाइल कॉपी करा. वीवेक्सची फाइल एसक्यूलाइट या प्रकारचा डेटाबेस असते आणि चालू असताना उचललेली तशी फाइल कधी कधी अर्धवट लिहिलेली निघते. जुनी फाइल, सगळ्या सीएसव्ही आणि नवी फाइल, तिन्हींच्या प्रती लॅपटॉपवर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवा. पेन ड्राइव्ह कपाटात. पुढचं सगळं लॅपटॉपवरच्या प्रतीवर करायचं, पायला हातच लावायचा नाही. फाइल उघडून बघायला डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. एक्सेल वापरलं असेल तर हेही वापरता येईल.

आता तुमची एरर. वीवेक्सच्या जुन्या आवृत्त्यांत मुख्य टेबलला पन्नासेक कॉलम होते. २०२० मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून नव्या डेटाबेसला शंभराहून जास्त कॉलम मिळतात. म्हणून 'सगळं उचल आणि इकडे टाक' म्हटलं की डेटाबेस अडतो, आणि अडतो ते बरंच आहे. कॉलम नावानिशी घ्यायचे असतात, क्रमाने नाही. पण हे हाताने करायची गरज नाही. वीवेक्समध्ये डेटाबेस 'रीकॉन्फिगर' करायची सोय आहे. पाचव्या आवृत्तीत ती वीसीटीएल डेटाबेस या कमांडखाली मिळेल, त्याआधी वी-डेटाबेस नावाची वेगळी कमांड होती. नव्या सेटिंगखाली जुनी फाइल तिला दिली की ती मूळ फाइलीला धक्का न लावता शेजारी नव्या घडणीची दुसरी फाइल बनवते. कॉलम नवे, एककंही नवी.

एककांवर थोडं थांबू, कारण इथे नवखेच काय, जुने लोकही फसतात. प्रत्येक ओळीत 'यूएसयुनिट्स' नावाचा रकाना असतो. त्यात १, १६ किंवा १७ यांपैकी एक आकडा दिसेल. १ म्हणजे अमेरिकी पद्धत: तापमान फॅरनहाइट, पाऊस इंच, वारा ताशी मैल. १६ म्हणजे सेल्सिअस, पाऊस सेंटिमीटर, वारा ताशी किलोमीटर. १७ म्हणजे सेल्सिअस, पाऊस मिलिमीटर, वारा सेकंदाला मीटर. 'माझ्या रिपोर्टमध्ये मिलिमीटरच दिसतात' म्हणून निर्धास्त राहू नका. रिपोर्टची एककं वेगळी आणि फाइलीच्या पोटातली वेगळी. मुद्दाम बदललं नसेल तर पोटात १ च असतं.

१ आणि १७ ची सरमिसळ झाली तर पहिल्याच नजरेत कळते, ३० अंशांशेजारी ८६ दिसतात. दगा देते ती १६ आणि १७ ची जोडी. तापमान दोन्हीकडे सेल्सिअस, त्यामुळे आलेख अगदी सरळ, सांधा शोधूनही सापडत नाही. पाऊस मात्र दहा पटीने चुकलेला आणि वारा साडेतीन पटीने. दोन्ही फाइलींतला हा रकाना आधी बघा. माझं मत असं की नव्या फाइलीत जे आहे ते तसंच राहू द्या आणि जुनं त्याच्यावर आणा. चालत्या केंद्राची एककं बदलायच्या फंदात पडू नका.

वेळेचं गणित. वीवेक्स वेळ साठवतो ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, तीही ग्रिनिचच्या हिशोबाने. उदाहरणार्थ १७०४०४७४०० हा आकडा म्हणजे १ जानेवारी २०२४ ची आपली मध्यरात्र. सीएसव्हीत मात्र साधी तारीख आणि घड्याळाची वेळ असते, आणि ती कुठल्या गावची हे लिहिलेलं नसतं. आपली वेळ ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास, म्हणजे १९,८०० सेकंद पुढे. हे सेकंद एकदा कमी करायला विसरलात किंवा चुकून दोनदा केलेत, की सगळी नोंद साडेपाच तास सरकते.

हे पकडायला माझ्याकडे साधी युक्ती आहे. जानेवारीतले पाच-सहा निरभ्र दिवस घ्या आणि सगळ्यात कमी तापमान किती वाजता दिसतंय ते बघा. सांगलीकडे त्या दिवसांत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि नीचांक त्याच्या आसपास यायला हवा. तो रात्री दीडला किंवा दुपारी साडेबाराला येत असेल तर वेळ सरकलीय. केंद्राला सूर्यप्रकाशाचा सेन्सर असेल तर आणखी सोपं. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो साडेबाराच्या आसपास, म्हणून प्रकाशाची टेकडी तिथेच उंच हवी.

सीएसव्हीतल्या तारखांचा क्रमही तपासा. ०५/०८ म्हणजे पाच ऑगस्ट की आठ मे? कन्सोल अमेरिकी सवयीचा असेल तर महिना आधी येतो. बारापेक्षा मोठा आकडा कुठल्या जागी दिसतो ते शोधा, उत्तर मिळतं. रास्पबेरी पायचा टाइमझोनही एकदा बघून घ्या. तो लंडनचा राहिला असेल तर ओळींची वेळ बरोबर राहते, पण दिवस चुकीच्या जागी तुटतो आणि तुमचा 'आजचा पाऊस' थंडीत पहाटे साडेपाचला आणि पावसाळ्यात साडेचारला सुरू होतो. आणखी एक. चौथ्या पिढीपर्यंतच्या पायमध्ये स्वतःचं घड्याळ नव्हतं. लाईट गेली, परत आली आणि इंटरनेट नसेल, तर तो जुन्याच वेळेपासून पुढे मोजू लागतो. तसल्या भटक्या ओळी प्रत्येक फाइलीत पाच-दहा सापडतातच. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी वेळ काढून बघा.

आता पाऊस. बाकी सगळं चाळलंत तरी चालेल, हा भाग मात्र नीट वाचा.

वीवेक्सच्या पावसाच्या रकान्यात फक्त त्या ओळीच्या अवधीत पडलेला पाऊस असतो. पाच मिनिटांची ओळ असेल तर पाच मिनिटांतला. आणि ओळीवर वेळ असते ती अवधी संपल्याची, म्हणजे साडेआठच्या ओळीत ८:२५ ते ८:३० चा पाऊस. कन्सोलच्या सीएसव्हीत बहुतेक वेळा 'आजचा पाऊस' असतो, सकाळपासून चढत जाणारी बेरीज. समजा दहा वाजता ४.२, दहा-पाचला ४.८, दहा-दहाला ४.८. याचा वीवेक्सच्या भाषेत अर्थ दहा-पाचच्या ओळीत ०.६ आणि दहा-दहाच्या ओळीत शून्य.

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून इतका आग्रह. सुरुवातीच्या काळात जत भागातल्या एका बागायतदाराची नोंद मी अशीच 'पाऊस तो पाऊस' म्हणून ओतली. एके दिवशी संध्याकाळी सहापर्यंत २० मिलिमीटर पडून पाऊस थांबला होता. पण बेरजेचा आकडा मध्यरात्रीपर्यंत तसाच उभा. सहा ते बारा म्हणजे पाच-पाच मिनिटांच्या ७२ ओळी, प्रत्येकीत २०. नुसते तेवढेच १,४४० मिलिमीटर झाले. जतला अख्ख्या वर्षात याच्या निम्माही धड पडत नाही. त्यांचा फोन आला, ''साहेब, महाबळेश्वर आमच्याकडं आलंय काय?'' तेव्हापासून कुठलीही फाइल हातात आली की मी पहिला पावसाचाच रकाना उघडतो.

वीवेक्सच्या सीएसव्ही आयात करायच्या सोयीत यावर इलाज आहे. सेटिंग फाइलमध्ये पाऊस 'क्युम्युलेटिव्ह' (चढती बेरीज) की 'डिस्क्रीट' (सुटा) हे सांगायचं असतं. पहिलं सांगितलंत की तो ओळींमधली वजाबाकी स्वतः करतो. तिथेच तारखेचा क्रम, एककं आणि कुठला कॉलम कुठे जायचा हेही लिहायचं. आधी 'ड्राय रन' करा, त्यात फाइलीत काहीच लिहिलं जात नाही. तरी पावसाचे दोन दिवस कागदावर हाताने मांडून ताडून घ्या. मध्यरात्री बेरीज शून्यावर येते, त्या जागी उणे आकडा आलाय का ते खास बघा.

पावसाबद्दल आणखी एक बारकावा. पर्जन्यमापकातली ती छोटी झुलती बादली एका झुकावाला किती मोजते? काही केंद्रांत ०.२ मिलिमीटर, काहींत इंचाचा शंभरावा भाग, म्हणजे ०.२५४ मिलिमीटर. कन्सोलला एक सांगितलंय आणि आत दुसरी बादली आहे, असं मी अनेकदा पाहिलंय. वर्षभराचा पाऊस २७ टक्क्यांनी जास्त दिसतो किंवा पाचव्या हिश्श्याने कमी. रिमझिम पडत असतानाच्या ओळी काढा, आकडे कशाच्या पटीत आहेत ते कळेल आणि कन्सोल काय समजून चाललाय तेही. आत प्रत्यक्षात काय बसवलंय ते झाकण उघडून बघायचं.

हवेच्या दाबाचं थोडक्यात सांगतो. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहोत, त्यामुळे जागेवरचा दाब समुद्रसपाटीला आणलेल्या दाबापेक्षा साधारण ६० हेक्टोपास्कलने कमी असतो. कन्सोल एकाला 'अॅब्सोल्यूट' म्हणतो, दुसऱ्याला 'रिलेटिव्ह'. साडेनऊशेच्या आसपासचा आकडा जागेवरचा, हजाराच्या वरचा समुद्रसपाटीचा. वीवेक्समध्ये दोघांना वेगळे रकाने आहेत, ज्याला त्याला त्याच्या घरात पाठवा.

जुन्या ओळी तीस मिनिटांच्या आणि नव्या पाचच्या आहेत, याची काळजी नको. प्रत्येक ओळ आपला अवधी 'इंटरव्हल' रकान्यात घेऊन येते आणि सरासरी त्या वजनानेच निघते. तीस मिनिटांच्या एका ओळीच्या सहा ओळी करून मधले आकडे 'भरून' काढू नका. ते मोजलेले नसतात, आपण रचलेले असतात.

आता जोडणी. क्रम एवढाच: जुनी फाइल रीकॉन्फिगर करून नव्या घडणीत आणली, सीएसव्ही एका वेगळ्या रिकाम्या डेटाबेसमध्ये आयात केल्या, दोन्हींची वेळ आणि पाऊस तपासला, आता नव्या फाइलीच्या प्रतीत दोन्ही घ्यायच्या. एसक्यूलाइटमध्ये एक फाइल उघडून दुसरी 'अटॅच' करता येते. मग 'इन्सर्ट ऑर इग्नोर' या कमांडने तिकडच्या ओळी इकडे घेता येतात. वेळेचा रकाना हाच टेबलची मुख्य किल्ली आहे, म्हणून त्या सेकंदाची ओळ आधीच असेल तर ती गाळली जाते. 'रिप्लेस' वापरलं तर उलट होतं, जुनी ओळ नवीला पुसून टाकते.

पण या गाळणीवर विसंबू नका. तुमची दोन्ही केंद्रं काही दिवस एकत्र चालली असतील. जुन्या कन्सोलच्या ओळी दहा वाजून तीन मिनिटांवर आणि नव्याच्या दहा-पाचवर असतील तर किल्ली वेगळी ठरते, दोन्ही आत येतात आणि त्या दिवसांचा पाऊस दुप्पट होतो. म्हणून एक तारीख आणि वेळ ठरवा, तिच्याआधीचं सगळं जुन्याचं, नंतरचं सगळं नव्याचं, आणि कमांडमध्ये ती अट घाला. जुन्या फाइलीचा आणि सीएसव्हीचा सांधाही असाच आखून घ्या. एकत्र चाललेल्या दिवसांची जुनी नोंद मात्र टाकू नका, वेगळी ठेवा. ती सोन्यासारखी आहे, का ते पुढे येईल.

नव्या फाइलीत 'आर्काइव्ह डे' अशा नावांची बरीच टेबलं दिसतील. तो रोजचा गोषवारा आहे: कमाल, किमान, बेरीज. ती जोडायची नाहीत. जोडणी झाल्यावर आधी पायचा टाइमझोन ठीक आहे ना ते बघा, मग वीवेक्सच्याच कमांडने गोषवारा पुसून नव्याने बांधा. यात थोडं नुकसान आहे. मूळ गोषवाऱ्यातली कमाल-किमान दर काही सेकंदांच्या वाचनातून आलेली असते आणि नव्याने बांधताना ती फक्त साठवलेल्या ओळींतून निघते. दुपारचा उच्चांक दोन-चार दशांशांनी खाली येईल. तीस मिनिटांच्या ओळींत थोडा जास्त. बागेच्या कामाला याने फरक पडत नाही, पण 'आमच्या घरचा विक्रम ४२.३' असं कुणी लिहून ठेवलं असेल तर तो आकडा आधी टिपून ठेवा.

तपासणी मी तीन ठिकाणी करतो. जोडण्याआधीची आणि नंतरची महिनावार पावसाची बेरीज शेजारी मांडतो. दिवसाला किती ओळी आल्या ते मोजतो: पाच मिनिटांच्या नोंदीत २८८ आणि तीस मिनिटांच्या नोंदीत ४८, त्याहून जास्त असतील तर दुप्पट भरणा झालाय. आणि आठवणीतला एखादा काळ उघडून बघतो. ऑगस्ट २०१९ घ्या. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तो आठवडा. मात्र पुराचं पाणी मुख्यतः वर कोयनेच्या बाजूने आलं होतं, म्हणून पलूसच्या मापकात ढगफुटी शोधू नका. रोज पाऊस आहे आणि लाईट गेल्यामुळे मधे ओळी गायब आहेत, असं काहीसं दिसलं तर वेळ बरोबर बसली.

महसूल मंडळाच्या आकड्यांशी ताडलंत तर रोजचा आकडा जुळणार नाही, घाबरू नका. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ, आणि तारीख पडते ती दुसऱ्या दिवसाची. तुमचा दिवस मध्यरात्री तुटतो. महिन्याची बेरीज जवळपास यायला हवी.

राहता राहिला तुम्ही न विचारलेला प्रश्न: हे एकत्र करावं का? ते कशासाठी हवंय त्यावर आहे. जुनं केंद्र स्लॅबवर, नवं बागेत. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो. वेलींमध्ये आर्द्रता जास्त, वारा कमी. पावसासाठी एकत्र करा, बिनधास्त. फळछाटणीपासूनचे अंश-दिवस (रोजच्या उष्णतेची साठत जाणारी बेरीज) मोजून यंदाची बाग २०१९ शी ताडायची असेल तर जपून. सरासरीत एकाच अंशाचा फरक पडला तरी १२० दिवसांत १२० अंश-दिवसांचा फरक पडतो, आणि तुम्ही म्हणाल यंदा मणी लवकर पिकणार. डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाचा अंदाज आर्द्रतेवर काढत असाल तर दोन जागांची तुलना मी करणार नाही.

इथे ती एकत्र चाललेली नोंद कामाला येते. त्या दिवसांत स्लॅब आणि बाग यांत पहाटे किती फरक, दुपारी किती, हे काढून ठेवा. तो फरक डेटाबेसमधल्या जुन्या आकड्यांत मिसळून त्यांना 'दुरुस्त' करू नका, हिशोब करतानाच वापरा. थंडीतला फरक आणि पावसाळ्यातला फरक वेगळा असतो, म्हणून जुनं केंद्र अजून चालत असेल तर वर्षभर तसंच चालू ठेवा. आणि एका वहीत लिहा: कुठल्या तारखेपर्यंत कुठलं केंद्र, कुठे, जमिनीपासून किती उंचीवर, बादली कितीची, सेन्सर कधी बदलला. पाच वर्षांनी हे तुम्हाला आठवणार नाही, मलाही माझ्या केंद्रांचं आठवत नाही.

पानांच्या ओलाव्याचा सेन्सर फक्त नव्या केंद्राला आहे असं तुम्ही लिहिलंय. जुन्या वर्षांसाठी तो रकाना रिकामाच राहू द्या, शून्य भरू नका. शून्य म्हणजे पान कोरडं होतं, आणि रिकामं म्हणजे कुणी बघितलंच नव्हतं. लाईट गेलेल्या दिवसांच्या पावसालाही हेच लागू.

सीएसव्हीतल्या पावसाच्या रकान्याबद्दल खात्री नसेल तर पाऊस पडत असतानाच्या वीसेक ओळी आणि त्याच रात्री बाराच्या आजूबाजूच्या दहा ओळी, रकान्यांच्या नावांसकट, मला दाखवा. चढती बेरीज आहे की सुटा पाऊस, आणि कन्सोल कुठली बादली धरून मोजतोय, तेवढ्यावरून सांगता येईल.